दर, टक्का आणि लपलेला छेद

प्रमाण, गुणोत्तर, दर आणि टक्का हे शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या सर्वांच्या मुळाशी भागाकारच असला, तरी कशाला कशाने भागले हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते, आणि बहुतेक गफलती तेथेच होतात.

एकाच जातीच्या दोन राशींची भागाकाराने केलेली तुलना म्हणजे गुणोत्तर. तीन लिटर पाण्यात दोन लिटर रंग मिसळला, तर पाणी आणि रंग यांचे गुणोत्तर ३:२ होते. लिटरला लिटरने भागल्यामुळे एकक गळून पडते आणि मोजणी पेल्याने केली तरी गुणोत्तर तेच राहते. मात्र याच मिश्रणात पाण्याचा वाटा ३/२ नसून ३/५ असतो, कारण आता तुलना रंगाशी नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाशी आहे. दोन गुणोत्तरे समान असली, की त्यांतील चार संख्या प्रमाणात आहेत असे म्हणतात.

राशी भिन्न जातीच्या असल्या, की भागाकाराला दर म्हणतात आणि त्याचे एकक दोन एककांचे मिळून बनते. मराठीत हा शब्द फारच सोयीचा आहे, कारण दरडोई, दरताशी, दरमहा यांतला ‘दर’ छेदाचे नाव सोबतच सांगून टाकतो. तरीही दरांची सरासरी काढताना तोल जातो. १२० किलोमीटरचे अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाऊन ताशी ४० किलोमीटर वेगाने परतल्यास सरासरी वेग ५० नव्हे, तर ४८ येतो; जाण्यास दोन तास आणि येण्यास तीन तास लागले, म्हणजे एकूण २४० किलोमीटरना पाच तासांनी भागायचे.

टक्का म्हणजे छेद १०० असलेले गुणोत्तर. सर्वांत फसवा तोच, कारण ते शंभर कशाचे हे बोलताना गाळले जाते. एखादी राशी २० टक्क्यांनी घटून पुन्हा २० टक्क्यांनी वाढली, तर ती मूळपदावर येत नाही: १०० चे ८० होतात, आणि पुढची वाढ ८० वर मोजली गेल्याने ९६ वरच थांबते. तसेच ४ टक्क्यांचे ५ टक्के झाले, तर ती वाढ एका टक्केबिंदूची, म्हणजे दोन टक्केवारींतील थेट वजाबाकीची, असते. मूळ आकड्याच्या तुलनेत मात्र ती २५ टक्के भरते. दोन्ही विधाने खरी असल्यामुळे सांगणारा आपल्याला सोयीचे तेवढे निवडू शकतो.

एककाकडे दुर्लक्ष झाले, तर केवळ आकडा निरुपयोगी ठरतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोईंग ७६७ विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे वजनात रूपांतर करताना १.७७ हा आकडा वापरला गेला. तो दर लिटरला पाउंडांचा होता, किलोग्रॅमचा दर सुमारे ०.८ होता. गुणाकार-भागाकार बिनचूक असूनही टाक्यांत आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधन राहिले आणि दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, व सर्व प्रवासी वाचले. १.७७ ला ०.८ ने भागून पाहिल्यास सुमारे २.२ येतात, एका किलोग्रॅममध्ये पाउंडही तितकेच असतात.