तलावातल्या जेट-स्कीविरुद्ध हरित लवादाकडे अर्ज : नागपूरकरांचं कुठे अडतं?

अंबाझरी असो की फुटाळा, मोटरबोटी किंवा जेट-स्कीच्या कार्यक्रमाने पर्यावरणाला धक्का बसतोय असं वाटलं, तर कोणतीही बाधित व्यक्ती किंवा संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे जाऊ शकते. संस्थेने अर्ज करायला मंजुरी देणारा आपला ठराव जोडावा. वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. फी १,००० रुपये, भरपाई मागितली तर तिच्या एक टक्का. आणि भोपाळ जवळ पडत असलं तरी आपला अर्ज ऐकणारं लवादाचं पीठ पुण्याचं.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते मुदतीत. 'पाच वर्षं आहेत ना' म्हणत निवांत बसणारे लवादाच्या कायद्यातलं कलम १५ वाचून आलेले असतात. ती मुदत नुकसानभरपाईची आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची. कार्यक्रमाबद्दलचा वाद कलम १४ खाली येतो आणि तिथे सहाच महिने, तेही वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. सबळ कारण दाखवून आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापुढे उशीर माफ करायचा अधिकार लवादालाही नाही.

दुसरी अडचण परवानगीच्या प्रतीची. ती कुणाकडेच नसते. या टेबलावरून त्या टेबलावर, मग 'साहेब दौऱ्यावर आहेत'. माहिती अधिकारात दहा रुपये भरून ३० दिवस थांबायचं, नंतर अपील. तोवर सहा महिने वितळतात. म्हणून राजेहो, प्रतीसाठी अडून राहू नका. माहिती अर्जाची आवक शिक्का असलेली पोच जोडा आणि परवानगी हजर करण्याचा आदेश अर्जातच मागा.

कोणत्या कायद्यावर बोट ठेवता, हेही बघा. पक्ष्यांचा कळवळा खरा असला तरी लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो, त्या यादीत वन्यजीव कायदा नाही. जल कायदा १९७४ आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० पर्यावरण संरक्षण कायद्याखालचेच. केवळ 'हा पाणथळ आहे' यावर अर्ज उभा करू नका. २०१७ चे पाणथळ नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळतात. अंबाझरी १८७० मध्ये शहराच्या पाण्यासाठीच बांधलेला, आणि फुटाळा मानवनिर्मित असून या नियमांतला पाणथळ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलंय. समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच काढेल.

मोबाइलच्या अ‍ॅपवरचे डेसिबल फार टिकत नाहीत. कार्यक्रमाआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून मोजमाप मागा, पोच घ्या. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तारीख-जागा दिसेल असा फोटो काढा.

कार्यक्रम थांबवायचा असेल तर अंतरिम स्थगितीची मागणी वेगळ्या अर्जाने करा, पण मंडप उभा राहिल्यावर नव्हे. मराठी कात्रणं आणि पंचनामा इंग्रजी भाषांतराशिवाय जोडले की त्रुटी निघतेच. भाषांतर आधीच करून ठेवा.