गॅप भरणारे इंजेक्शन नसते

फवारणीचा पंप दिवसभर पाठीवर वागवणाऱ्या माणसाच्या कमरेतून कळ निघून मांडीमागून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली, की यवतमाळकडच्या आमच्या गावात निदान ठरलेलेच असते : मणक्यात गॅप आला, शीर दबली. शेजारच्या काकांनी एमआरआयची फिल्म दारातल्या उजेडात धरून मला विचारले, "यात गॅप कोठी हाये, अन् सुईनं थो भरते काय?" गॅप त्या फिल्ममध्ये नव्हता, वय वाढते तसे दोन मणक्यांमधले अंतर उलट कमीच होते.

शीर दाबली जाते हे मात्र खरे. मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळावर दाब येतो आणि पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये मांडले. पण १९९४ मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. मग दाबाबरोबर आणखी काय दुखवते?

चकतीच्या मधोमध जेलीसारखा गर असतो. भोवतीचे कडे फाटून तो बाहेर आला, की त्यातील दाहकारक रसायने नसेच्या मुळाला पेटवतात. स्वीडनमधील संशोधकांनी १९९३ मध्ये डुकरांच्या नसांवर कोणताही दाब न देता हा गर नुसता ठेवला, तरी काही दिवसांतच त्या नसांमधून संदेश जाण्याचा वेग मंदावला. या दाहात फॉस्फोलायपेज हे विकर पेशीपटलातील मेदापासून ॲरॅकिडोनिक आम्ल सोडवते, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनते, सूज येते आणि नस एरवी सोसली असती अशा हालचालीलाही कळ पाठवते. डायक्लोफेनॅकसारखी गोळी या साखळीची पुढची कडी तोडते. सुईतून देतात ते स्टेरॉइड साखळीच्या त्याहूनही आधीच्या कडीवर काम करते : पेशीत शिरून ते एका ग्राही प्रथिनाला चिकटते, त्याच्यासह केंद्रकात जाते आणि दाह वाढवणाऱ्या जनुकांचे वाचनच मंदावते.

म्हणूनच हे औषध क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुईने नसेच्या मुळाजवळ सोडतात. त्याचा उपयोग मुख्यतः पायात उतरणाऱ्या कळेला होतो, नुसत्या कंबरदुखीला फारसा नाही. आणि आराम मिळालाच तर तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. तेवढ्या काळात शरीरातील भक्षक पेशी बाहेर आलेला गर पुष्कळदा स्वतःच फस्त करतात. 'एका सुईत कायमचा आराम' ही जाहिरात त्यामुळे पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेण्याच्याच पंक्तीत बसते. मधुमेह्यांची साखर या इंजेक्शनानंतर काही दिवस चढते. क्वचित पक्षाघातासारखे गंभीर परिणाम होतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला आहे. लघवी अडणे, जांघेत बधिरता येणे किंवा पाऊल लुळे पडणे ही लक्षणे दिसली, तर इंजेक्शनाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

काकांनी इंजेक्शन घेतले आणि ते हसत घरी आले. रात्री कळ परतली, तेव्हा पैसे पाण्यात गेले म्हणून कष्टी झाले. दुपारचा आराम सोबत दिलेल्या भुलीच्या औषधाचा होता आणि ते काही तासांत उतरते. जनुकांपर्यंत जाणाऱ्या स्टेरॉइडला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो.