नवी आज्ञा (एकमेकांवर प्रीती करण्याची ख्रिस्ती शिकवण)

येशू ख्रिस्ताने अटकेच्या रात्री, शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना दिलेली आज्ञा आणि तिच्यातून उभी राहिलेली ख्रिस्ती आचरणाची शिकवण. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात ती अशी आली आहे : ‘मी तुम्हांला नवी आज्ञा देतो की, तुम्ही एकमेकांवर प्रीती करावी, जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्हीही एकमेकांवर प्रीती करावी.’ तुमची अशी प्रीती असली म्हणजे तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्वांना कळेल, असे येशू लगेच पुढे सांगतो. देवावरील प्रीती, शेजाऱ्यावरील प्रीती आणि शत्रूवरील प्रीती हे ख्रिस्ती शिकवणीचे स्वतंत्र, पण याला लागूनच असलेले विषय आहेत. या नोंदीत मुख्यतः येशूच्या अनुयायांनी आपसांत कसे वागावे, याचा विचार आहे.

प्रसंग

भोजन चालू असताना येशू उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुऊन रुमालाने पुसू लागतो. धुळीच्या वाटांनी वहाणा घालून हिंडणाऱ्या त्या समाजात हे काम घरच्या नोकराचे होते. शिष्यांपैकी पेत्राला ते पाहवत नाही. माझे पाय धुवायचे नाहीत, असे तो निक्षून सांगतो. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे येशू म्हणताच तो दुसरे टोक गाठतो : मग नुसते पायच का, हात आणि डोकेही धुवा. पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा जागेवर बसतो आणि सांगतो की, मी गुरू असून तुमचे पाय धुतले, तेव्हा तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत.

ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत येशूला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा इस्कर्योतही होता. थोड्याच वेळात तो घास घेऊन बाहेर पडतो. तो बाहेर गेल्यावर येशू नवी आज्ञा देतो. ती देऊन होते न होते तोच, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असे पेत्राला ऐकावे लागते. लूकच्या शुभवर्तमानात तर याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांत वाद होतो. म्हणजे ही आज्ञा एका बाजूला विश्वासघात आणि दुसऱ्या बाजूला नकार यांच्यामध्ये दिलेली आहे. गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या मंडळीला उद्देशून ती मुळीच नव्हती. भावनेने ओथंबलेल्या प्रवचनांतून ही गोष्ट सहसा निसटते.

नवे काय?

‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन यहुदी नियमशास्त्रात लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आधीपासून आहे. दुसऱ्या शतकातील रब्बी अकिवा यांनी ते नियमशास्त्राचे महान तत्त्व मानले, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारणाऱ्या शास्त्र्यालाही येशूने देवावरील प्रीतीच्या जोडीला हेच वचन सांगितले होते. प्रीती करण्याची कल्पना त्यामुळे नवी म्हणता येत नाही. नवे आहे ते माप. लेवीयात माप ‘स्वतःसारखी’ हे आहे, इथे ते ‘जशी मी केली तशी’ असे होते. मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, असे योहानाच्याच शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात म्हटले आहे. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर जे घडते त्याकडेच ते बोट दाखवते. योहानाच्या पहिल्या पत्रालाही ही अडचण ठाऊक आहे. मी तुम्हांला नवी नव्हे, जुनीच आज्ञा लिहितो, असे म्हणून त्यापुढच्याच वचनात ते तिला पुन्हा नवी म्हणते.

‘एकमेकां’त कोण?

या शिकवणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या कुंपणाबद्दल आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शत्रूंवर प्रीती करायला सांगतो आणि तुमच्यावर प्रीती करणाऱ्यांवरच तुम्ही प्रीती केली तर त्यात विशेष ते काय, जकातदारही तेच करतात, असे ऐकवतो. लूकमधील दाखल्यात वाटेवर अर्धमेला पडलेल्या माणसाला मदत करतो तो तुच्छ मानला गेलेला शमरोनी. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा नाही. तिथे सगळा भर ‘एकमेकांवर’ आणि पत्रांत ‘बंधूवर’ आहे. यहुदी सभास्थानातून बाहेर काढलेल्या, जगाने आपला द्वेष चालवला आहे असे वाटणाऱ्या लहान गटाची ही अंतर्मुख प्रीती आहे, असे बायबलच्या काही अभ्यासकांचे मत आहे. उलट बाजूने असे दाखवले जाते की, देवाने ‘जगावर’ प्रीती केली हे प्रसिद्ध वचन याच शुभवर्तमानातले आहे आणि बाहेरच्यांनी पाहून ओळखावे हाच आज्ञेचा घोषित हेतू आहे.

पौल, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित, दोन्ही टोके एका वाक्यात धरतो. गलतीकरांना तो लिहितो की सर्वांचे बरे करा, आणि विशेषतः विश्वासाने एका घरातले झालेल्यांचे. ‘सर्वांचे’ आणि ‘विशेषतः’ यांतला ताण पुढच्या दोन हजार वर्षांत काही मिटला नाही. तरी मंडळीतल्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायातल्या, माणसावर प्रीती करणे हे सोपे काम आणि परक्यावर करणे हे अवघड, असा समज मात्र चुकीचा ठरतो. नव्या कराराची पत्रे वाचली तर उलटेच दिसते.

पत्रांमधले भांडण

करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय प्रीतीचे स्तोत्र म्हणून लग्नसमारंभात वाचला जातो. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हेवा करत नाही, फुगत नाही. तो लिहिला गेला तो मात्र एका फुटलेल्या मंडळीला दटावण्यासाठी. करिंथमध्ये कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा. विश्वासणारे एकमेकांना न्यायालयात खेचत होते. कोणाचे आत्मिक दान (पवित्र आत्म्याकडून मिळालेली देणगी) श्रेष्ठ यावर चढाओढ होती. हा अध्याय त्याच वादाच्या मधोमध येतो, आधी १२ व्या आणि नंतर १४ व्या अध्यायात तोच विषय आहे. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या भोजनाला, जमल्यावर ज्याचे त्याने आणलेले आधीच खाऊन टाकावे, त्यामुळे एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, अशी स्थिती होती. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा पौलाचा संतप्त प्रश्न आहे आणि उपाय अगदी साधा : खायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

मूर्तीला दाखवलेल्या मांसाबाबतही त्याचा युक्तिवाद याच धर्तीचा आहे. मूर्ती काहीच नाही, हे ज्याला कळते त्याला ते मांस खायला हरकत नाही. पण त्यामुळे दुर्बळ मनाच्या भावाला अडखळण होत असेल तर मी मांसच खाणार नाही, असे पौल म्हणतो. बरोबर असण्याचा हक्क दुसऱ्यासाठी सोडून देणे, हा प्रीतीचा त्याने लावलेला बहुधा सर्वांत कडक अर्थ.

याकोबाचे पत्र आणखी रोखठोक आहे. सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेला माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला गरीबही आला, तर पहिल्याला चांगली जागा आणि दुसऱ्याला ‘तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस’, असा भेद करणाऱ्यांना ते खडसावते. उघड्यानागड्या भावाला नुसते ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणणाऱ्यांचाही तिथे समाचार घेतला आहे. योहानाचे पहिले पत्र म्हणते की, डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. याच परंपरेतल्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा पुढारी आलेल्या बंधूंना घरात घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीतून घालवून देतो, अशी तक्रार आहे. प्रीतीवर सर्वाधिक लिहिणाऱ्या वर्तुळातही हे चुकले नाही.

पैसा आणि घर

प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे वर्णन येते : मालमत्ता विकून आलेले पैसे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटले जात. त्याच पुस्तकात, थोडे पुढे, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर आहे आणि त्यासाठी सात जण नेमावे लागले. पौलाने ग्रीक मुलखातल्या मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, ती याच जाणिवेतून.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये राहणारे ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितात की, रविवारी जमलेली देणगी मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवली जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होई. २५१ च्या सुमारास रोमचे बिशप कोर्नेलियस यांच्या पत्रात मंडळी १५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोसते, असा आकडा आला आहे. ख्रिस्ती नसलेला उपहासकार लूशियन याला हे सगळे भोळेपणाचे वाटले. एखादा लबाड त्यांच्यात शिरला की झटपट श्रीमंत होतो, असे त्याने लिहिले. आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन यांनी १९७ च्या सुमारास विरोधकांच्या तोंडचे म्हणून दिलेले ‘पाहा, ही माणसे एकमेकांवर कशी प्रीती करतात’ हे वाक्य पुष्कळदा निव्वळ कौतुक म्हणून उद्धृत होते. मूळ संदर्भात ते कुत्सित आहे. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचे आणि बंद दाराआड प्रीतिभोजन (मंडळीचे एकत्र जेवण) करायचे, यातून रोमन शहरांत नको नको त्या अफवा उठल्या होत्या. चौथ्या शतकात ज्यूलियन बादशहाने जुना धर्म पुन्हा उभा करायला घेतला तेव्हा मात्र त्याने आपल्या पुरोहितांना बजावले की, हे गालीलकर (म्हणजे ख्रिस्ती) त्यांचे आणि आपलेही गरीब पोसतात. कुंपण तोवर निदान अन्नाच्या बाबतीत तरी ओलांडले गेले होते, याची ही शत्रूने दिलेली साक्ष.

एक जागा कायम उणी राहिली. पळून गेलेल्या अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवताना, त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून घे, असे पौलाने फिलेमोनाला लिहिले. तरीही त्यानंतर कितीतरी शतके ख्रिस्ती माणसे ख्रिस्ती माणसांना विकत घेत आणि विकत राहिली. एकाच प्रभुभोजनात दोघांना वाटा होता, एवढ्याने काही बदलले नाही.

प्रीतीच्या नावाने

‘प्रीती कर आणि मग तुला हवे ते कर’ हे उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांचे वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनात, पाचव्या शतकाच्या आरंभी आले. संदर्भ शिस्तीचा आहे. बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा गोंजारतो. यांतले प्रेम कोणाचे? उत्तर आफ्रिकेत त्या वेळी डोनेटस पंथीयांशी, म्हणजे मुख्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती गटाशी, फूट पडलेली होती. प्रीतीनेच शिक्षा करता येते, या विचाराचा आधार घेऊन ऑगस्टीन यांनी पुढे त्या पंथावरील राजसत्तेच्या सक्तीचे समर्थन केले. एकमेकांवरील प्रीतीच्या शिकवणीतून बळजबरीचा मार्ग निघाला, हा तिच्या इतिहासातला सर्वांत कडवट भाग आहे.

मठांनी वेगळी वाट धरली. चौथ्या शतकातील कॅपाडोशियाचे (आजच्या तुर्कस्तानातले) बिशप बॅसिल यांनी एकांतवासापेक्षा सामूहिक जीवन श्रेयस्कर मानले. एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील, असा त्यांचा सवाल होता. सहाव्या शतकातील बेनेडिक्ट यांच्या मठनियमात आठवडाभराची स्वयंपाकाची पाळी संपवणारा आणि नवी पाळी सुरू करणारा, अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत असे आहे.

धर्मसुधारणेच्या काळात १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक भेटले. १५ कलमांपैकी १४ वर एकमत झाले. अडले ते प्रभुभोजनावर, म्हणजे ज्या भोजनात ही आज्ञा दिली गेली त्याच्याच अर्थावर. शेवटच्या कलमात त्यांनी लिहिले की, सदसद्विवेकबुद्धी परवानगी देईल तितकी ख्रिस्ती प्रीती दोन्ही पक्षांनी एकमेकांना दाखवावी. या ‘तितकी’मध्ये पुढच्या शतकांचे बरेच काही सामावले आहे.

पाय धुण्याचा विधी

नव्या आज्ञेचे स्मरण पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीने होते. जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे १७०८ मध्ये सुरू झालेल्या ब्रदरन पंथात पाय धुणे, साधे जेवण आणि प्रभुभोजन मिळून प्रीतिभोजन होते. तिथे विधी पाळकापुरता राहत नाही; शेजारी बसलेले एकमेकांचे पाय धुतात. कॅथलिक विधीत धर्मगुरू १२ जणांचे पाय धुतात असा प्रघात पडला आणि १९५५ च्या सुधारणेनंतर हा भाग गुरुवारच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत) घेता येऊ लागला. नियमात ‘निवडलेले पुरुष’ असे शब्द होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधार तुरुंगात जाऊन मुलींचे आणि मुस्लिमांचेही पाय धुतले, तेव्हा चर्चमध्ये मोठी चर्चा झाली. जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलून ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ असे शब्द आले. स्त्रियांना त्यात जागा मिळाली, पण अक्षरशः पाहिले तर ख्रिस्ती नसलेले बाहेरच राहिले. त्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, २४ मार्च २०१६ रोजी, रोमजवळच्या निर्वासित केंद्रात फ्रान्सिस यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत कॅथलिक आणि कॉप्टिक (इजिप्तमधून आलेल्या प्राचीन परंपरेचे) ख्रिस्ती होते, तसेच मुस्लिम होते आणि एक हिंदूही होता.