बेशिस्त वर्तन, सार्वजनिक (अमेरिकी कायदा)

हाणामारी, धमकावणे, कर्णकटू गोंगाट, रहदारी अडवणे अशा सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या कृत्यांना अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांत ‘डिसऑर्डर्ली कंडक्ट’ म्हणतात. अशा वर्तनाला शिक्षा असते; मात्र तो तांत्रिक अर्थाने ‘गुन्हा’ ठरतो की नाही, हे राज्यागणिक बदलते.

या अपराधाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एक मत तो शांतताभंगाच्या जुन्या इंग्लिश कल्पनेतून आणि १३६१ च्या जस्टिसेस ऑफ द पीस कायद्यातून आला असे मानते. दुसरे मत भटक्यांविरुद्धच्या कायद्यांकडे निर्देश करते. १७४४ च्या इंग्लिश कायद्यात ‘आळशी व बेशिस्त व्यक्ती’ असा एक वर्ग होता आणि तो १८२४ च्या कायद्यातही राहिला. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये (न्यायालयीन निर्णयांतून घडलेल्या कायद्यात) या नावाचा स्वतंत्र अपराध नव्हता, त्यामुळे नावापुरते तरी दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. कृत्यांची यादी मात्र बरीचशी पहिल्या परंपरेतील आहे. न्यू जर्सीत ‘बेशिस्त व्यक्तीचा अपराध’ हा शब्दप्रयोग अजूनही चालतो; तेथे कृत्यापेक्षा माणसालाच नाव ठेवण्याची जुनी रीत टिकून आहे. नुसत्या भटकेपणाला शिक्षा देणारा जॅक्सनव्हिल शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये संदिग्धतेच्या कारणावरून रद्द केला.

राज्यांना नमुना म्हणून तयार केलेल्या १९६२ च्या नमुना दंडसंहितेतील (मॉडेल पीनल कोड) कलम २५०.२ नुसार हे कृत्य एरवी केवळ नियमभंग (व्हायोलेशन) असते. गंभीर हानी वा गैरसोय करण्याचा हेतू असेल, किंवा वाजवी ताकीद देऊनही ते चालूच ठेवले असेल, तर ते किरकोळ गुन्हा ठरते. पेनसिल्व्हेनियाने हीच दुहेरी रचना जवळपास तशीच उचलली आहे. न्यूयॉर्कमध्ये (कलम २४०.२०) तो फक्त नियमभंग आहे. त्यासाठी १५ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते, तरी तेथील दंडसंहितेच्या व्याख्येनुसार तो गुन्हा नव्हे. न्यू जर्सीत ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते, पण ज्युरीचा हक्क मिळत नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो ‘ब’ वर्गाचा मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा) असून कमाल शिक्षा ९० दिवसांची आहे. टेक्सासमध्ये तो साधारणतः केवळ दंडाचा, ‘क’ वर्गाचा मिसडिमीनर आहे. सार्वजनिक ठिकाणी बंदूक झाडल्यास वर्ग चढतो. इलिनॉयमध्ये बॉम्बची खोटी खबर याच अपराधाच्या कलमाखाली फेलनी (गंभीर गुन्हा) होते.

आरोप टिकत नाही तो बहुधा ‘सार्वजनिक’ या घटकावर. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०१३ च्या ‘बेकर’ खटल्यात पोलिसाला रस्त्यावर दिलेल्या शिव्यांवरून झालेली अटक अवैध ठरवली. लोक थांबून पाहत होते, पण सार्वजनिक गडबडीचा खरा धोका नव्हता. शब्दांवरच आधारलेल्या आरोपांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचीही मर्यादा आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या १९४२ च्या ‘चॅप्लिन्स्की’ निर्णयातील ‘भांडणाला चिथावणारे शब्द’ हा अपवाद पुढील निर्णयांनी बराच आकसवला.

नोंदीचा परिणाम वर्गावर अवलंबून राहतो. न्यूयॉर्कमध्ये मिसडिमीनरचा आरोप असताना तडजोडीत या कलमाची कबुली देण्याची प्रथा रूढ आहे, कारण मग गुन्हेगारी दोषसिद्धी होत नाही. फेडरल (केंद्रीय) न्यायालयांत शिक्षा ठरवण्यासाठीच्या मार्गदर्शिकेत या अपराधाची जुनी नोंद सहसा मोजत नाहीत. किमान ३० दिवस कैद किंवा एक वर्षाहून अधिक परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी देखरेख) झाली असेल, वा नवा अपराध त्याच स्वरूपाचा असेल, तर मात्र ती मोजली जाते.