४४०००१ : पत्त्यातला आकडा, गणितातली संख्या

नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१. तो कुणी मोजून काढलेला नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती एकाच नावाची अनेक गावं आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांच्या घोळातून टपाल सोडवायला. ४४० म्हणजे नागपूर, ००१ म्हणजे मुख्य कार्यालय, बस.

तरी मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरसमोर बसून मी त्याला संख्या म्हणून सोलायला घेतलं. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ने भाग जाणारच. उरले ४८८८९. २२३चा वर्ग याहून मोठा, त्यामुळे २११पर्यंतच्या ४७ मूळसंख्या तपासल्या की झालं. ९७ने बाकी १ उरली तेव्हा चरफडलो. शेवटी भाग कुणाचाच गेला नाही. ४८८८९ मूळसंख्या आहे.

आता वर्गवारी. स्वतःला वगळून ४४०००१चे विभाजक १, ३, ९, ४८८८९ आणि १४६६६७, बेरीज १९५५६९. संख्येपेक्षा कमी, म्हणून ही ‘न्यून’. बेरीज संख्येइतकीच भरली तर ‘परिपूर्ण’, जास्त भरली तर ‘विपुल’. ही विभागणी इसवी सन १००च्या सुमाराच्या निकोमाखस या ग्रीक गणितज्ञाने नीट मांडली. विपुल संख्या त्याला जादा अवयवांच्या प्राण्यासारखी वाटे आणि न्यून संख्या एकाक्ष, एकहाती. आपल्या पिनकोडाला हे जरा लागट आहे!

फ्रेंच गणिती फर्माने १६४०मध्ये कळवलेला नियम मात्र इथे शोभून दिसतो. ४ने भागून बाकी १ उरणारी मूळसंख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि एकाच रीतीने. सिद्धता शतकभराने ऑयलर या गणितज्ञाने दिली. ४८८८९ = २०८² + ७५². दोन्ही पाया तिप्पट करा : ६२४² + २२५² = ४४०००१.

राहिले आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. ४४०००१ हर्षद आहे. अशा अंकखेळांकडे बरेच गणिती काणाडोळा करत. हे गुण संख्येचे नव्हेत, ती लिहिण्याच्या पद्धतीचे, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही : हीच संख्या अष्टमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत लिहिली, तर १५३३३०१ होते, अंकांची बेरीज १६, आणि विषम संख्येला १६ने भाग कसा जाणार? हर्षदपण गेलं. दोन वर्गांची बेरीज मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, टिकते. पण पिनकोड दशमानातच लिहितात, त्यामुळे इथे मी मास्तरांच्या बाजूचा.

त्यांचा आणखी एक प्रकार ‘स्वयंभू’ : ज्या संख्येला जनक नाही ती. जनक म्हणजे स्वतःच्या अंकांची बेरीज स्वतःत मिळवून ती संख्या देणारी दुसरी संख्या. ४४०००१ तशी नाही. ४३९९६५मध्ये तिच्याच अंकांची बेरीज, ३६, मिळवून पाहा.