बालसंगोपन-खर्चाची त्रिपक्षीय वाटणी

बालसंगोपन-खर्चाची त्रिपक्षीय वाटणी : आईवडील कामावर असताना मुलांच्या सांभाळावर होणारा खर्च मालक, पालक आणि शासन यांनी ठरलेल्या प्रमाणात उचलण्याची व्यवस्था. ‘पाळणाघर’ हा शब्द मराठीत शेजारच्या मावशींच्या घरगुती सोयीपासून कारखान्यातल्या खोलीपर्यंत सगळ्यांसाठी चालतो. या नोंदीत संस्थात्मक पाळणाघरांचा विचार असून उदाहरणे नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यातील आहेत.

पाळणाघराचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान ओबरलिन या पाद्र्याने फ्रान्सच्या व्होज डोंगराळ भागात चालविलेल्या शिशुवर्गांकडे बोट दाखवतात, तर काही गिरणीचालक व समाजसुधारक रॉबर्ट ओएन यांच्या स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क गिरणीतील शिशुशाळेकडे (१८१६). खर्चाच्या दृष्टीने मात्र फिरमँ मार्बो यांनी १८४४ मध्ये पॅरिसमध्ये उघडलेले पाळणाघर अधिक ग्राह्य वाटते. तेथे आईकडून रोजचे अल्प शुल्क घेतले जाई व उरलेला भार देणग्यांवर असे. म्हणजे वाटणी होती, पण तीत मालक नव्हता. तिन्ही पक्षांना समान, म्हणजे एक तृतीयांश वाटा देणारी आखीव योजना अमेरिकेतील मिशिगन राज्यात ‘ट्राय-शेअर’ या नावाने २०२१ मध्ये सुरू झाली. तेथे मालक, पालक व पाळणाघर यांच्यातील हिशेब विभागवार मध्यस्थ संस्था पाहतात. योजनेचा खरा कणा ही मध्यस्थी आहे; नुसते प्रमाण उचलून आणणाऱ्यांचे तिकडे दुर्लक्ष होते.

भारतात हा विषय कामगार कायद्यातून आला. मुंबईच्या गिरण्यांतील बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवून कामावर जात, हे त्या काळच्या लिखाणात वारंवार येते. ब्रिटिश सरकारने भारतीय कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ ने ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर ती सक्तीची केली व १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. स्त्रियांच्या संख्येशी जोडलेली ही अट स्त्रियांनाच मारक ठरू शकत असे, कारण तिसाव्या बाईनंतर प्रत्येक नेमणूक मालकाला खर्चाची वाटे. याच अधिनियमाच्या कलम ११४ नुसार अशा सोयींसाठी कामगाराकडून शुल्क घेण्यास मनाई होती. केवळ उपाहारगृहाचा अपवाद. त्यामुळे कारखान्याच्या सक्तीच्या पाळणाघरात पालकांचा तिसरा वाटा कायद्यानेच बाद होता. त्रिपक्षीय वाटणीची मागणी करणारे हा मुद्दा क्वचितच लक्षात घेतात.

प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११-क एकूण ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, स्त्री-पुरुष भेद न करता लागू झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने एक किलोमीटरच्या परिघात अनेक आस्थापनांना मिळून एक पाळणाघर चालविण्याची वाट मोकळी केली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून) हीदेखील साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर काढण्यास मान्यता देते. सोय कोणी करायची हे या तरतुदी सांगतात. मालक-मालकांत वा मालक-पालकांत वाटा किती, ते ठरवीत नाहीत.

शासनाचा वाटा वेगळ्या मार्गाने येतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत (२०१७ पासून) केंद्र, राज्य व स्वयंसेवी संस्था यांचे प्रमाण ६०:३०:१० होते. २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असे. दरमहा शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २० रुपये, मासिक उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असल्यास १०० व त्यापुढे २०० रुपये. २०२२ मध्ये योजना ‘पाळणा’ या नावाने केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या एकत्रित कार्यक्रमात आली व अंगणवाडीला जोडली गेली. जुन्या योजनेत केंद्र दिवसाला साडेसात तास चालवायचे होते. आठ तासांची पाळी, जेवणाची सुट्टी आणि नाशिकच्या सिडको वसाहतीतून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर पहिल्या पाळीच्या आईला ते अपुरेच पडे. दुसऱ्या पाळीचे तर नावच नको.

सातपूर व अंबड येथील लहान युनिटांना सामाईक पाळणाघरच परवडणारे आहे, पण हिशेब जागांवर ठेवावा लागतो, हजर मुलांवर नव्हे. उदाहरणादाखल, २५ जागांचा मासिक खर्च १,५०,००० रुपये धरल्यास दर मुलामागे ६,००० व प्रत्येक पक्षाचा वाटा २,००० रुपये होतो. मुले १५ च राहिली तरी भाडे व पगार तेवढेच; खर्च १०,००० वर आणि वाटा सुमारे ३,३३३ वर जातो. वाढीव वाटा पाहून पालक मूल काढून घेतात, की उरलेल्यांचा वाटा आणखी चढतो. म्हणून प्रत्येक युनिटने वर्षभरासाठी जागा राखून, मूल नसले तरी आपला हिस्सा भरावा, तीन महिन्यांची अनामत ठेवावी आणि रिकामी जागा शेजारच्या युनिटला देण्याची मुभा करारात लिहून घ्यावी. पालकांचा हिस्सा पगारातून कापायचा असल्यास लेखी संमती हवी. कंत्राटी कामगारांची मुले कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरले नाही तर तीच मुले दारातून परत जातात. हे कदापि होऊ देऊ नये.

सहा महिने ते तीन वर्षे या वयाला मनुष्यबळ जास्त लागते, म्हणून सरसकट एकच दर लावल्यास चालक मोठी मुलेच घेऊ पाहतो. वयानुसार दोन दर ठेवणे बरे. आईचे काढलेले दूध ठेवायला फ्रीज, दर मुलाला स्वतंत्र अंथरूण आणि स्तनपानासाठी आडोशाची खुर्ची या बाबी पहिल्या अंदाजपत्रकातच हव्यात. मागाहून त्यांना पैसा मिळत नाही.

सिन्नरमध्ये घरी पाने-तंबाखू नेऊन विड्या वळणाऱ्या बाया आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पॅकहाउसमधील हंगामी मजूर या चौकटीबाहेर राहतात. पहिल्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे त्यांचेच घर, आणि दुसऱ्यांचा हंगाम काही महिन्यांचा.