ज्वारी गेली, रेशन आलं: विदर्भातल्या पथ्यामागचा इतिहास

शुगर आणि बीपीच्या पेशंटला दवाखान्यातून जो छापील तक्ता मिळतो, त्यात बहुतेक वेळा ओट्स, ब्राउन ब्रेड, सफरचंद आणि साय काढलेलं दूध असतं. वाशीम किंवा यवतमाळच्या आतल्या गावात हा कागद फाइलमध्येच राहतो, कारण त्यातलं फारसं काही गावच्या किराण्यात मिळत नाही. इथल्या माणसाचं पथ्य ठरवायचं तर त्याचं ताट कसं बदललं ते आधी समजून घ्यावं लागतं. हा बदल शेतातून आणि रेशन दुकानातून आला, जिभेच्या आवडीचा वाटा त्यात थोडाच.

वऱ्हाडात ज्वारी आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत धान, ही जुनी विभागणी. ज्वारीच्या वावरात मूग, उडीद, चवळी, अंबाडी असायची, कपाशीत तुरीचं तास असायचं. म्हणून भाकरीसोबत वरण, चून, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोट्याची रानभाजी, जवसाची चटणी हे बहुतेक घरचंच असे. पण तो काळ निरोगी होता असं समजायचं कारण नाही. ताट निव्वळ ज्वारीवर आलं की पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, व्हायचा. दख्खनच्या पठारावरच्या अशा रुग्णांचा अभ्यास करून गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिनशी (प्रथिनातला एक घटक) त्याचा संबंध मांडला. पूर्व विदर्भात गरिबाच्या पोटात जाणाऱ्या लाखोळीच्या डाळीमुळे पाय लुळे पडण्याची भीती होतीच. ज्वारी चांगली ठरायची ती सोबतच्या डाळीमुळे आणि पाल्यामुळे.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. ‘हायब्रीड’चं पीक भरघोस, पण कणसं लवकर भरायची आणि परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडायचा. त्या दाण्याला भाव नाही आणि भाकरीला चव नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेहून आलेला लाल मिलो (तिकडची ज्वारी) आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. पुढे नगदी पीक म्हणून सोयाबीन पसरलं, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बैलजोड्या कमी झाल्या तशी कडब्याची गरज घटली, आणि ज्याने तरीही ज्वारी पेरली त्याची कणसं पाखरं आणि रानडुकरं खाऊ लागली. एकट्याने पेरली तर गावातली सगळी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, म्हणून शेजाऱ्याने सोडली की दुसराही सोडतो. ज्वारीसोबत मूग, चवळी, अंबाडीही गेली. सोयाबीन घरात शिजत नाही, ते विकलं जातं; परत येतं ते रिफाइंड तेलाच्या पाकिटातून.

रिकाम्या जागी रेशन आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू २, तांदूळ ३ आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता, माणशी महिन्याला ५ किलो. २०२३ पासून धान्य मोफत आहे. प्रत्यक्षात दुकानात बहुतेक गहू-तांदूळच आले. त्याने उपासमार थांबवली, हे मोठं काम आहे. पण डाळ त्या हक्कात नाही, आणि तांदूळ पॉलिशचा. वर्ध्यात १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा हातसडीचा तांदूळ आणि घाणीचं तेल यांचा आग्रह गांधीजींनी धरला होता. राइस मिलपुढे तो टिकला नाही.

वैद्यकशास्त्रही याच काळात बदलत होतं. १९५८ मध्ये अँसेल कीज यांचा आहार आणि हृदयविकारावरचा सात देशांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा भर चरबीवर होता. १९८१ मध्ये टोरंटोत जेन्किन्स यांनी ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा, मांडला आणि लक्ष पिष्टमय पदार्थांकडे वळलं. कलाटणी दिली ती आहाराने रक्तदाब उतरतो का हे पाहणाऱ्या १९९७ च्या डॅश चाचणीने: भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवल्यावर रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला, मीठ आणि वजन तेच ठेवून. २००१ च्या चाचणीत मीठही कमी केलं, तेव्हा तो आणखी उतरला. एका पदार्थावर बंदी घालण्यापेक्षा अख्खं ताट बदललेलं कामाला येतं, हे तिथे दिसलं.

म्हणूनच ‘भाकरी खा’ एवढं सांगून भागत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, चाळणी न लावलेल्या कणकेतही जवळपास तेवढेच. पॉलिशच्या तांदळात ३ पेक्षा कमी. फायदा भाताच्या जागी भाकर आली तर. ८० ग्रॅम पिठाच्या तीन भाकरी म्हणजे २४० ग्रॅम, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसभराचं धान्य २५० ग्रॅम धरलं आहे. त्याच हिशोबात डाळ-कडधान्य किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० आणि तेल २७ ग्रॅम. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरायला हवं. मीठ माणशी ५ ग्रॅम धरलं तर किलोची थैली ५० दिवस जावी. डाळीचा आकडा मात्र १० किलोवर जातो, आणि मजुरीवरच्या घरात त्याच्या निम्मीही येत नाही. आधी काम करायचं ते इथे: वरण घट्ट, मोड आलेली मटकी-चवळी, परसातली भाजी, जमेल तिथे अंडं.

पेशंटच्या खाण्याची नोंद घेताना चूक होते ती मापात. ‘थोडासा भात’ म्हणजे एखाद्या घरी दोन मुदी असतात. घरातलीच वाटी मागून मोजावी, भाकरीचा उंडा तव्यावर जाण्याआधी काट्यावर ठेवावा आणि त्यातलं पाणी वजा धरावं. तेल ‘किती घालता’ असं विचारू नये. पाकीट कधी फोडलं आणि जेवणारे किती, हे विचारावं. मिठाची नोंद सांडगे, पापड, लोणचं, ठेचा धरल्याशिवाय अपुरीच. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, आणि निंदणाच्या दिवसात कप पाचपर्यंत जातात. बाजाराच्या दिवसाची आणि चतुर्थीची नोंद वेगळी घ्यावी. उपवासाला साबुदाणा खाल्ला की शुगर चढते, आणि ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार राहिलं तर ती घातक इतकी उतरते. गोळीची वेळ आणि डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा.

किडनी कमजोर असेल तर वरचा सगळा हिशोब बदलतो. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते अशा पेशंटला देऊ नये. पालेभाजी आणि डाळीचं प्रमाणही रक्तातल्या क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट पाहूनच ठरवावं.